आधी रेशन कार्ड, मग राखणदार: घर आणि जादू यांवरची अर्बन फँटसी कादंबरी कशी रचावी

"अर्बन फँटसी (आजच्या शहरात जादू घडते अशी गोष्ट) लिहितोय, जरा बघाल का?" म्हणून हातात पडलेल्या बहुतेक बाडांत एकच खोट सापडते: क्रम उलटा. पहिल्या तीस पानांत मंत्र, सात कुळं, चार तावीज आणि एक शापित तलवार येऊन जाते. नायकाला आई आहे हे चाळिसाव्या पानावर कळतं, ती डबा भरून देते तेव्हा. मग दोनशेव्या पानावर नायक याच आईसाठी जिवावर उदार होतो आणि वाचणाऱ्याला काहीच वाटत नाही. वाटणार कसं? ती बाई डबा देऊन गेली, एवढीच ओळख.

खालचा क्रम हीच चूक टाळण्यासाठी आहे. टप्पे गाळू नका, पुढेमागेही करू नका. प्रत्येक टप्प्याला एकच उदाहरण घेतलं आहे, मुंबईत वरळीच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या) चाळीतलं एक मालवणी घर. माणसं काल्पनिक आहेत, चाळ खरी.

## लिहायला बसण्याआधी

दोनशे पानी वही घ्या. घरातली जुनी कागदपत्रं काढा: रेशन कार्ड, लाइट बिल, लग्नपत्रिका, कुणाच्या तेराव्याचा खर्च लिहिलेली डायरी. गावाकडे जमीन असेल तर सातबाराही. यातलं काही जसंच्या तसं कादंबरीत घालायचं नाही. कागदावर घर कसं दिसतं आणि प्रत्यक्षात कसं असतं, यातला फरक एकदा डोळ्यांना दिसला पाहिजे. कागदावर नसलेला माणूस घरात जेवतो, आणि कागदावर असलेला दहा वर्षं फिरकलेला नसतो.

पहिले दोन आठवडे कादंबरीचं एकही वाक्य लिहायचं नाही. हे सांगितलं की लोक मान डोलावतात आणि त्याच रात्री पहिलं प्रकरण पाठवतात.

## टप्पा १: जादूशिवाय घर मांडा

सहा ते आठ माणसं पुरेत. प्रत्येकासाठी एक पान. वय आणि नोकरी सगळेच लिहितात, ती एका ओळीत उरका. पान भरायचं ते या प्रश्नांनी: हा कुणाचं देणं लागतो? कुणाचा कुठला शब्द अजून विसरलेला नाही? आजारी पडला तर रात्री उशाशी कोण बसेल? खोली कुणाच्या नावावर आहे, आणि आपल्या नावावर असायला हवी होती असं कुणाला वाटतं?

आमचं उदाहरण. बीडीडीच्या इमारती १९२०च्या दशकातल्या, तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधून बोळासारखा पॅसेज, संडास सामायिक. खोली १६० चौरस फुटांची. त्यात आजी (८१), थोरला मुलगा अण्णा (५८), त्याची मुलगी मुग्धा (२४), धाकटा बाळा (४६), त्याची बायको (मुग्धाची काकी) आणि त्यांचा चौथीतला छोटू. शिवाय आत्या (५३). लग्न मोडून ती परत आली त्याला अठरा वर्षं झाली, पण घरात अजून 'आत्या आलीय' असंच म्हणतात. बाळा कुठल्याच नोकरीत टिकत नाही आणि अण्णा त्याला चारचौघांत ऐकवतो. पुनर्विकासात या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर मिळायचंय, आणि त्यावर आत्याचं नाव लागावं की नाही यावर घरात कुणी उघड बोलत नाही.

एवढ्यावरच भांडण पेटू शकतं. अजून कुणी मंत्र उच्चारलेला नाही.

तपासणी: जादू पूर्ण काढून टाकली तरी या घराची एक बरी कौटुंबिक कथा होते का? होत नसेल तर टप्पा १ परत करा. जादू मीठ आहे; मिठाची भाजी होत नाही.

नेहमीची चूक: सगळ्यांना चांगलं करणं. आपल्याच आजीचं चित्र काढतोय या भीतीने लेखक आजीला साखरेत घोळवतो. तुमच्या आजीला तिच्या सगळ्या मुलांत एक जास्त लाडका असणारच. तो कोण, ते लिहा.

## टप्पा २: जादू एकच घ्या, आणि तिचा भरणा कोण करतो ते ठरवा

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. एक महिना गेला तरी चालेल.

आपल्याकडे सामग्रीची टंचाई नाही. पिंपळावरचा मुंजा, पाण्यातला गिऱ्हा, वाट चुकवणारा चकवा, गावाच्या वेशीवरचा राखणदार, मूठ, करणी, भानामती. त्यामुळे मोह होतो सगळं ओतण्याचा. एका बाडात मला पहिल्या पन्नास पानांत अकरा प्रकारची भुतं भेटली, अगदी जत्रेत भेटावीत तशी. वाचक एकालाही घाबरला नाही, कारण कोण काय करू शकतो हेच ध्यानात राहीना. एक शक्ती घ्या. तिला एक वाक्य पुरलं पाहिजे.

आमची शक्ती: हाक. घरातलं कर्तं माणूस उंबरठ्याच्या आत उभं राहून नाव घेऊन हाक मारतं, आणि ज्याचं नाव घेतलं तो जिथे असेल तिथून घरी येतो. पुरात असो, कोठडीत असो, मारेकऱ्यांच्या तावडीत असो. बस्स.

आता किंमत. इथे दहातले आठ जण घसरतात. जादू केली की नायकाच्या नाकातून रक्त येतं, तो दोन दिवस झोपतो, केस पांढरे होतात. ही किंमत नव्हे, हा थकवा. ज्याने केलं त्यानेच भरलं, तर त्यात निष्ठेची परीक्षा कुठली? तो शूर ठरतो आणि विषय मिटतो. घराची गोष्ट सांगायची असेल तर भरणा तिसऱ्याने केला पाहिजे, आणि तो तिसरा त्याच घरातला हवा.

वहीत तीन रकाने आखा: करणारा, ज्याच्यासाठी केलं तो, भरणारा. हाकेच्या बाबतीत: आजी हाक मारते, मुग्धा सुखरूप घरी येते, आणि त्याच रात्री घरातल्या दुसऱ्या कुणाची तरी एक वाट कायमची हरवते. चकवा लागतो, पण एकाच वाटेपुरता. कुणाची आणि कुठली वाट, ते आजीच्या हातात नाही.

मागची एक घटना इथेच ठरवून टाका. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. अण्णा कलिन्याजवळ अडकलेला. आजोबा तेव्हा हयात होते, त्यांनी हाक मारली आणि अण्णा पहाटे दारात उभा राहिला, शर्टही फारसा न भिजलेला. दुसऱ्या आठवड्यात सव्वीस वर्षांचा बाळा कामावर जायला निघाला आणि कारखान्याची वाट त्याला सापडली नाही. पुढेही कधी सापडली नाही. लाजेने त्याने ते कुणाला सांगितलं नाही. 'बाळा टिकत नाही' या अण्णाच्या टोमण्यामागे वीस वर्षं हे दडलेलं आहे, आणि ते अण्णालाच माहीत नाही.

बघा, टप्पा १मधलं भांडण आणि टप्पा २मधली जादू एकाच खिळ्यावर आली. तशी येईपर्यंत पुढे जायचं नाही.

### जादू कुणाला 'घरचं' मानते?

हा प्रश्न जवळजवळ कुणी विचारत नाही, आणि कादंबरीचं गुपित बहुधा इथेच असतं. रक्ताचे सगळे? सून धरायची की नाही? लग्न होऊन गेलेली मुलगी? दत्तक? गोत्राने मोजलं तर मुलगी लग्नाच्या दिवशी बाहेर जाते. कायद्याने मोजलं तर २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत तिचा मुलाइतकाच हक्क आहे, तरी बहिणींकडून हक्कसोड पत्रावर सह्या घेणं चालूच असतं. जादू यातलं नेमकं काय मानते?

आमच्या कादंबरीत जादू रेशन कार्ड मानते. आजोबा म्हणायचे, देवाला माणसं कशी कळणार, तो यादी वाचतो. कार्डावर नाव आहे तो घरचा. हे गमतीचं वाटतं, पण बघा त्यातून काय काय निघतं. अन्न सुरक्षा कायदा २०१३चा. त्याच्या कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातली ज्येष्ठ स्त्री लागते. म्हणजे नवं कार्ड आलं त्या दिवशी हाक आजोबांकडून आजीकडे गेली. आजोबा पुढचे आठ महिने दारात उभे राहून हाका मारत होते आणि कुणी येत नव्हतं. आत्याचं नाव लग्नाच्या वेळी कमी केलेलं, तिच्या पेटीत अजून 'नाव कमी केल्याचा दाखला' आहे. परत आल्यावर ते पुन्हा चढवायचं कुणाच्या मनात आलं नाही. म्हणून तिला भरणा नाही. आणि तिला हाकही नाही.

सावधान: नियम पाच ओळींच्या वर गेले की त्यातले दोन नियम तुमच्या सोयीसाठी आहेत असं समजा. खोडा.

### पाच प्रश्न, लेखी उत्तरं

मोबाइल असताना हाक कशाला? (फोन उचलला जात नाही तेव्हाच हाक. म्हणून प्रत्येक हाकेआधी रिंग वाजत राहते.) पोलिसांना का सांगत नाहीत? मेलेल्या माणसाला हाक मारली तर? शक्ती परत देता येते का? आणि सगळ्यात अवघड: इतकी वर्षं हे चाललंय तर शेजाऱ्यांना कसं कळलं नाही? चाळीत, जिथे कुणाकडे काय शिजलं ते पॅसेजभर कळतं, तिथे हा प्रश्न टाळता येणार नाही. आमचं उत्तर: कळलेलं आहे. समोरच्या बाई हाक ऐकली की आपल्या मुलांना आत घेऊन दार लावतात, एवढंच.

सावधान, कायदा: महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३पासून आहे. अघोरी प्रथांसाठी सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. काल्पनिक कादंबरी लिहिणं हा गुन्हा नव्हे. पण तुमची गोष्ट आजच्या महाराष्ट्रात घडत असेल तर तुमच्या पात्रांना हा कायदा माहीत असणार. पैसे घेऊन उतारा करणारा भगत दाखवलात तर त्याच्या डोक्यात पोलीस ठाण्याची भीती हवी. आणि साप चावलेल्याला दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे नेऊन बरं झालेलं दाखवू नका. फँटसीच्या नावाखाली असं लिहिलेलं मी दोनदा परत पाठवलं आहे.

## टप्पा ३: शहराचा एक तुकडा पायी मोजा

अख्खी मुंबई घेऊ नका. मरीन ड्राइव्ह, सीएसएमटी, सी लिंक असं दर्शन घडवणारं प्रकरण पर्यटकाचं असतं. एक वस्ती, एक स्टेशन, एक बाजार एवढ्यावर भागवा आणि ते घड्याळ लावून चाला. तुमचं पात्र घरातून स्टेशनला किती मिनिटांत पोचतं? पावसात? खांद्यावर मूल असताना? रात्री अकराला कुठलं दुकान उघडं असतं?

शहर जादूला आयता माल पुरवतं, फक्त बघायला हवं. ९ डिसेंबर २०२३ला दादरचे मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ असे नव्याने मोजले गेले. काही दिवस वर्षानुवर्षांचे प्रवासीही पुलावर थबकून पाट्या वाचत होते. चकव्याला त्या आठवड्यात वेगळं काही करावं लागलं नसतं. मुग्धाची एक वाट, कादंबरी सुरू होण्याआधीच, त्याच गर्दीत हरवलेली असते आणि तिला वाटतं, आकडे बदलले म्हणून गोंधळ झाला. वाचकालाही आधी तेच वाटू द्या.

जुन्या गोष्टीही कामाला येतात, पण एका ओळीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलेरियाच्या डासांमुळे पालिकेने मुंबईतल्या विहिरी झाकायला, बुजवायला लावल्या, तेव्हा विहिरीतल्या देवतेचा कोप होईल म्हणून लोकांनी अर्ज केले होते. एवढी माहिती एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडी घातली की झालं. त्यावर पानभर इतिहास नको.

आमच्या घरासाठी शहराचा खरा प्रश्न एकच: उंबरठा. हाक उंबरठ्याच्या आतून मारायची. चाळ पाडली की तो उंबरठा जाणार. चाळीस मजली टॉवरमध्ये उंबरठा कुठला धरायचा? फ्लॅटच्या दारातली संगमरवरी पट्टी, लिफ्टचं दार, की जिथे वॉचमन वही पुढे करतो ते गेट? गेट धरलं तर 'घरात' अख्खा टॉवर आला, आणि भरणा कुणाचाही होऊ शकतो. वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५मध्ये दिल्या गेल्या. आमची कादंबरी त्याच्या आधीच्या गणपतीपासून सुरू होते, म्हणजे हा प्रश्न डोक्यावर टांगता राहतो.

तपासणी: कथा उचलून नाशिकला किंवा नागपूरला ठेवली तरी तशीच चालते का? चालत असेल तर तुम्ही शहर लिहिलेलं नाही, पडदा रंगवलाय.

## टप्पा ४: कात्री लावा, खलनायक नको

निष्ठा म्हणजे आईबापांसाठी शत्रूशी लढणं, असं समजून लिहिलं की कादंबरी मारामारीची होते. निष्ठा कळते ती दोन आपल्या माणसांत निवडायची वेळ येते तेव्हा. म्हणून 'दुष्ट काका' हे पात्र शक्यतो काढून टाका. दुष्ट काकाशी लढायला जादू कशाला, वकील पुरतो.

करायचं असं: प्रत्येक पात्राच्या वतीने अर्धं पान लिहा, 'मी बरोबर का आहे' या मथळ्याखाली, त्याच्याच बोलीत. कुणाचं अर्धं पान लंगडं पडलं तर ते पात्र अजून कच्चं आहे.

आमच्यात कात्री अशी बसते. बाळाचं खरं कारण अण्णाला शेवटी कळतं. अपराधाने तो मोडतो, आणि मुग्धाला वाचवायचं म्हणून गुपचूप शिधावाटप कार्यालयात जाऊन तिचं नाव कार्डावरून कमी करून येतो. बाप म्हणून यात काय चुकलं? पण एक नाव कमी झालं की भरणा उरलेल्यांत वाटला जातो, आणि उरलेल्यांत छोटू आहे. त्याच आठवड्यात आत्या कार्डावर नाव चढवायचा अर्ज घेऊन येते, नव्या घरात हक्क दिसावा म्हणून. अण्णा नाही म्हणतो. तिला वाटतं, भाऊ जागेसाठी फिरला. तो तिला भरण्यापासून वाचवतोय, पण हे सांगायचं तर मुग्धाचं नाव कापल्याचंही सांगावं लागेल.

सगळे आपापल्या जागी बरोबर, आणि घर फुटायला आलेलं. इथे पोचलात की कादंबरी उभी राहिली समजा. पुढचं काम मजुरीचं आहे.

## टप्पा ५: हाका मोजून ठेवा, पंचांग समोर ठेवा

आराखड्यात आधी फक्त जादूचे प्रसंग मांडा. तीनशे पानांना चार पुरतात. पहिल्या हाकेत फायदा ठळक दिसावा, भरणा फार तर ओझरता. दुसरीत भरणा दिसावा, पण संबंध लागू नये. तिसरीच्या वेळी हाक मारणाऱ्याला भरणा माहीत असतो, तरी ती मारली जाते. चौथी मारायची की नाही, हाच शेवट. पाचवी हाक सुचली तर आधीची एक काढा.

मग माणसं एकत्र येण्याचे दिवस शोधा. घर एरवी विखुरलेलं असतं. ते गणपतीला, लग्नाला नाहीतर बाराव्या-तेराव्याला जमतं. मोठे स्फोट तिथेच ठेवा. सुतकाचे दिवसही वापरा: त्या दिवसांत देवाचं काही करत नाहीत, मग हाक चालते का? आजीच्या सुतकात कुणी हरवलं तर?

सावधान, चंद्र: ही चूक इतकी सर्रास दिसते की वेगळी सांगायला हवी. गणेश चतुर्थीच्या रात्री 'टिपूर चांदणं' पडत नाही. शुक्ल चतुर्थीची कोर असते आणि ती रात्र चढायच्या आत मावळते. लक्ष्मीपूजनाला तर अमावास्याच. कोजागरीला मात्र हवं तेवढं चांदणं लिहा. प्रत्येक प्रकरणाच्या वहीतल्या पानावर तारीख, वार, तिथी आणि पाऊस आहे की नाही, एवढं टिपून ठेवा.

## टप्पा ६: पहिलं प्रकरण

आता लिहा. पहिल्या प्रकरणात जादू समजावायची नाही, चाललेली दाखवायची. बहुतेक बाडांत सुरुवात अशी असते:

> शतकानुशतकांपासून सावंतांच्या घराण्यात एक गूढ शक्ती वास करत होती. त्या शक्तीची किंमत मात्र भयंकर होती...

'गूढ' आणि 'भयंकर' ही लेखकाची मतं झाली. वाचकाला अजून काहीच दिसलेलं नाही. त्याऐवजी:

> साडेदहा झाले तशी आजी उठली. भिंतीला धरून दारापर्यंत गेली आणि उंबरठ्याच्या आत पावलं जुळवून उभी राहिली. काकीने गॅस बारीक केला. अण्णांनी टीव्हीचा आवाज बंद केला, चित्र तसंच ठेवलं. समोरच्या खोलीचं दार लागलं.
>
> "मुग्धा," आजी म्हणाली, पॅसेजमधल्या कुणाला तरी सांगावं तसं. "घराक ये गो."
>
> सकाळी मुग्धा पलंगावर झोपलेली होती, चपला पायात तशाच. छोटू दप्तर लावून जिन्याच्या तोंडाशी उभा होता. तो चौथीत होता आणि शाळा गल्लीच्या टोकाला होती.
>
> "आई," त्याने विचारलं, "शाळा कुठल्या बाजूला?"

यात 'जादू' हा शब्द नाही. घरातल्या सगळ्यांना हे सवयीचं आहे, आवाज बंद करण्याइतकं, ही खरी भीती आहे.

तपासणी: पहिल्या दहा पानांत 'गूढ', 'अघोरी', 'अनाकलनीय', 'रहस्यमय' यातले किती शब्द आले ते मोजा. शून्य हवेत.

## टप्पा ७: तोंडची भाषा

मंत्र संस्कृतात घालायची ओढ आवरा. निम्म्या वेळा व्याकरण चुकतं, आणि चुकलं नाही तरी त्याचा त्या घराशी संबंध नसतो. कोकणातलं गाऱ्हाणं ऐकलंय? "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरू होतं, रोजच्या बोलीत आपली अडचण सांगितली जाते आणि जमलेले "व्हय म्हाराजा" म्हणत राहतात. देवाशी बोलायची ही आपली रीत. आमच्या कादंबरीतला अख्खा मंत्र म्हणजे 'घराक ये'. रोज संध्याकाळी कुठलीही मालवणी आई हेच म्हणते.

पिढ्यांचा फरक सांभाळा. आजी मालवणीच बोलेल. अण्णा आईशी मालवणी आणि मुलीशी मराठी. मुग्धाला मालवणी कळते, पण बोलताना ती अडखळते. म्हणजे पुढे हाक तिच्यावर आली तर तिचा पहिला शब्द कसा निघेल, याचा विचार आत्ताच करा.

नाती एका यादीत लिहून भिंतीला लावा: काकी अण्णाला 'भावोजी' म्हणते, नाव घेत नाही, आत्या त्याला 'अण्णा' म्हणते पण अरेतुरे करते, आणि ज्या दिवशी ती 'तुम्ही' म्हणेल त्या दिवशी संबंध तुटला असं वाचकाला न सांगता कळेल. इंग्रजीतून विचार करणाऱ्या लेखकाच्या हातून हे हत्यारच निसटतं, त्याची पात्रं रागावली की 'थंड आवाजात' बोलतात.

## टप्पा ८: पुनर्लेखनाचे तीन हात

पहिल्या हातात फक्त भरणा तपासा: प्रत्येक हाकेला तीन रकाने भरले गेलेत का, आणि हरवलेली वाट नंतर चुकून कुणी चाललेलं नाही ना. बाळाला कारखान्याची वाट सापडत नाही असं ठरवून दोनशे दहाव्या पानावर त्याला तिकडे डबा पोचवायला पाठवणारा लेखक मला माहीत आहे. आरशात रोज दिसतो.

दुसऱ्या हातात वेळ आणि अंतरं. तिसऱ्यात संवाद मोठ्याने वाचा, शक्यतो त्या बोलीच्या माणसाकडून वाचून घ्या. मालवणीची चूक मालवणी माणूस तीन शब्दांत पकडतो आणि मग पुस्तकच मिटतो.

मग बाड तीन जणांना द्या, त्यातला एक तरी फँटसी न वाचणारा हवा. 'कसं वाटलं' विचारू नका, 'छान' हेच उत्तर येणार. विचारा: तिसऱ्या हाकेच्या वेळी तुम्ही आजीच्या जागी असता तर हाक मारली असती का? तिघांनी एकच उत्तर दिलं तर टप्पा ४ची वही परत उघडा. आणि बाड घरातल्या कुणी वाचायच्या आत एकदा बघून घ्या: तुमच्या खऱ्या आत्याला स्वतःचं 'नाव कमी केल्याचा दाखला' त्यात ओळखू येणार असेल, तर आधी तिला भेटून या.